रेसिमिक म्हणजे नेमके काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेंद्रिय रसायनशास्त्र शिकताना 'रेसिमिक' हा शब्द एका ओळीच्या व्याख्येसह समोर येतो. व्याख्या पाठ होते, गुणही मिळतात. मग कधीतरी औषधाच्या वेष्टनावर 'लेव्हो' किंवा 'एस' अशी अक्षरे दिसतात, शोधनिबंधात 'रेसिमिक कंपाउंड' असा शब्द भेटतो, आणि पाठ केलेली व्याख्या अपुरी पडते. विद्यार्थी आणि जिज्ञासू वाचक या शब्दाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

रेसिमिक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगाल का?

एखाद्या कायरल पदार्थाची दोन्ही आरसा-रूपे ज्या नमुन्यात बरोबर निम्मी-निम्मी असतात, तो नमुना रेसिमिक. यातला 'नमुना' हा शब्द सोडू नका. रेसिमिक असतो तो रेणूंचा जमाव. एकटा रेणू घेतला तर तो एका रूपाचा असेल नाहीतर दुसऱ्या. त्याला रेसिमिक म्हणण्यात काही अर्थच नाही. खालच्यांपैकी बरेचसे प्रश्न एवढी एक गोष्ट निसटल्यामुळे पडतात.

कायरल आणि एनान्शिओमर हे शब्द आधी स्पष्ट कराल का?

कार्बनचे चार एकेरी बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात. लॅक्टिक आम्लाचा मधला कार्बन पाहा: त्याला हायड्रोजन, हायड्रॉक्सिल, मेथिल आणि कार्बॉक्सिल असे चार वेगवेगळे गट जोडलेले आहेत. हे चार गट अवकाशात दोन प्रकारे मांडता येतात. दोन्ही मांडण्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात आणि कितीही फिरवल्या तरी एक दुसरीवर तंतोतंत बसत नाही, जसा डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही. अशा रेणूला कायरल म्हणतात आणि त्याच्या दोन रूपांना एनान्शिओमर. कार्बनच्या या चतुष्फलकी रचनेची कल्पना १८७४ मध्ये फान्ट हॉफ आणि ल बेल या दोघांनी स्वतंत्रपणे मांडली. पुढे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक, १९०१ सालचे, फान्ट हॉफ यांना मिळाले. ते मात्र वेगळ्या कामासाठी होते.

दोन एनान्शिओमरांचा वितळणबिंदू, उत्कलनबिंदू, घनता, साध्या द्रावकातली विद्राव्यता हे सगळे सारखेच असते. फरक दोन ठिकाणी दिसतो. एक, ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे, प्रतल ते विरुद्ध दिशांना फिरवतात. दोन, समोरची वस्तूही कायरल असेल तर ते तिच्याशी वेगवेगळे वागतात. शरीरातली प्रथिने कायरल असल्यामुळे हा दुसरा मुद्दा औषधांच्या बाबतीत फार महागात पडू शकतो.

रेसिमिक नमुना प्रकाश का फिरवत नाही?

कारण बेरीज शून्य होते. एक रूप प्रतलाला जितके उजवीकडे वळवते तितकेच दुसरे डावीकडे वळवते आणि दोघांची संख्या सारखी असते. नैसर्गिक टार्टारिक आम्लाचे पाण्यातले विशिष्ट घूर्णन (ठरावीक परिस्थितीत प्रतल किती फिरते ते) सुमारे +१२ अंश, त्याच्या जोडीदाराचे सुमारे −१२, म्हणून रेसिमिक टार्टारिक आम्लाचे शून्य. पुस्तकांत अशा नमुन्याला 'प्रकाशीयदृष्ट्या निष्क्रिय' म्हणतात. त्यावरून आतले रेणूच निष्क्रिय आहेत असा समज होतो, तो खरा नाही. प्रत्येक रेणू आपापल्या परीने प्रकाशावर परिणाम करतच असतो.

मग घूर्णन शून्य आले की नमुना रेसिमिक, असे म्हणता येईल?

नाही. शून्य यायला निदान चार कारणे असू शकतात: पदार्थ मुळातच कायरल नाही, तो मेसो आहे (हा प्रकार पुढे येतोच), तो रेसिमिक आहे, किंवा तो शुद्ध एनान्शिओमर असूनही त्याचे घूर्णन उपकरणाला जाणवणार नाही इतके कमी आहे. शेवटचा प्रकार कपोलकल्पित नाही. ५-एथिल-५-प्रोपिलअनडेकेन या हायड्रोकार्बनच्या मधल्या कार्बनला एथिल, प्रोपिल, ब्युटिल आणि हेक्झिल असे चार वेगळे गट आहेत. नियमाने तो कायरल. पण हे चारही गट इतके एकसारखे आहेत की घूर्णन मोजण्याच्या पलीकडे जाते. त्यामुळे पोलॅरिमीटरचे, म्हणजे घूर्णन मोजणाऱ्या उपकरणाचे, शून्य हा पुरावा म्हणून लंगडाच आहे. खात्री करायची तर कायरल स्तंभावरची क्रोमॅटोग्राफी करावी, म्हणजे कायरल पदार्थ भरलेल्या नळीतून नमुना नेऊन त्याचे घटक वेगळे करावे. तिथे दोन सारख्या क्षेत्रफळाची शिखरे वेगवेगळी दिसतात.

साध्या एनएमआरवरून (चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रकांच्या वर्णपटावरून) रेसिमिक ओळखता येते का?

येत नाही. नेहमीच्या द्रावकात दोन्ही एनान्शिओमर हुबेहूब सारखा वर्णपट देतात. त्यात एखादे कायरल अभिकर्मक किंवा कायरल द्रावक मिसळले, तरच शिखरे फुटून वेगळी होतात.

मेसो आणि रेसिमिक यांत फरक काय? दोन्हींचे घूर्णन शून्यच ना?

परीक्षेत सर्वाधिक गोंधळ इथे होतो. मेसो हा एकच पदार्थ आहे. त्याच्या प्रत्येक रेणूत दोन (किंवा अधिक) असममित कार्बन, म्हणजे चार वेगवेगळे गट जोडलेले कार्बन, असतात, पण रेणूचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्याचा आरसा असतो, म्हणून तो रेणू कायरलच राहत नाही. रेसिमिक नमुन्यात मात्र दोन वेगवेगळ्या प्रकारचे रेणू असतात आणि ते दोन्ही कायरल असतात. म्हणून रेसिमिक नमुना वेगळा करता येतो, मेसो करता येत नाही. त्यात वेगळे करण्यासारखे दुसरे काही नसतेच.

टार्टारिक आम्लात हे सगळे एकाच घरात पाहायला मिळते. (+) आणि (−) रूपे दोन्ही सुमारे १७० अंश सेल्सिअसला वितळतात. रेसिमिक आम्ल सुमारे २०६ अंशांपर्यंत टिकते आणि पाण्यात कितीतरी कमी विरघळते. मेसो त्याआधीच, १४० ते १५० अंशांच्या दरम्यान वितळते.

अभिक्रियांचे दोन दाखले लक्षात ठेवले तर पुरे. ब्रोमीनची भर विरुद्ध बाजूंनी पडते, म्हणून ट्रान्स-२-ब्युटीनपासून मेसो डायब्रोमाइड मिळते आणि सिस-२-ब्युटीनपासून रेसिमिक. थंड, सौम्य पोटॅशियम परमँगनेट दोन्ही हायड्रॉक्सिल एकाच बाजूने देते, म्हणून तिथे उलटे होते: सिस रचनेच्या मॅलेइक आम्लापासून मेसो टार्टारिक आम्ल, ट्रान्स रचनेच्या फ्यूमॅरिक आम्लापासून रेसिमिक. ही जोडी तोंडपाठ करू नका. एकदा कागदावर त्रिमितीय आकृत्या काढून पाहा, म्हणजे कधी चुकणार नाही.

डायस्टेरिओमरांचे निम्मे-निम्मे मिश्रण रेसिमिक म्हणायचे का?

मुळीच नाही. डायस्टेरिओमर म्हणजे अणूंची जोडणी तीच, पण अवकाशातली मांडणी वेगळी असलेली रूपे; ती एकमेकांच्या आरसा-प्रतिमा नसतात. त्यांचे गुणधर्म वेगळे असतात आणि त्यांचे मिश्रण प्रकाश फिरवूही शकते. ५०:५० हा आकडा दिसला की रेसिमिक लिहून मोकळे व्हायची घाई करू नये.

हा शब्द आला कुठून? पाश्चरचा यात काय संबंध?

वाइन मुरताना पिंपांच्या आत टार्टारिक आम्लाचे क्षार साचतात. १८२० च्या सुमारास फ्रान्समधल्या आल्सास प्रांतात टार्टारिक आम्ल तयार करताना एक वेगळेच आम्ल हाती लागले. संघटन तेच, पण विद्राव्यता निराळी. गे-ल्युसॅक यांनी द्राक्षाच्या घडाला असलेल्या 'रासेमुस' या लॅटिन शब्दावरून त्याला नाव दिले, आणि ते रेसिमिक आम्ल झाले. म्हणजे सुरुवातीला हे एका विशिष्ट आम्लाचे नाव होते. निम्मे-निम्मे मिश्रण हा अर्थ त्याला नंतर चिकटला, तो पाश्चरमुळे.

सेंद्रिय द्रव ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवतात हे बियो यांनी १८१५ मध्ये दाखवले होते. टार्टारिक आम्ल प्रकाश फिरवते, रेसिमिक आम्ल फिरवत नाही, हेही कळले होते. १८४४ मध्ये मिटशरलिख यांनी कोडे आणखी घट्ट केले: त्यांच्या म्हणण्यानुसार दोन्ही आम्लांच्या सोडियम-अमोनियम क्षारांचे स्फटिक सर्व बाबतींत एकसारखे होते, तरी एकाचे द्रावण प्रकाश फिरवते आणि दुसऱ्याचे नाही.

१८४८ मध्ये पंचविशीतल्या लुई पाश्चर यांनी तेच स्फटिक भिंगाखाली पुन्हा तपासले. टार्टारिक क्षाराच्या स्फटिकांवर काही लहान पैलू एकाच बाजूला कललेले दिसले. रेसिमिक क्षारात असे पैलू नसतील अशी त्यांची अपेक्षा होती. पैलू होते, पण काही स्फटिकांवर उजवीकडे कललेले आणि काहींवर डावीकडे. पाश्चर यांनी चिमट्याने एकेक स्फटिक निवडून दोन ढीग केले आणि वेगवेगळे विरघळवले. एका ढिगाचे द्रावण प्रकाश उजवीकडे फिरवू लागले, दुसऱ्याचे डावीकडे. सारख्या वजनाने दोन्ही मिसळले की परिणाम नाहीसा.

सत्तरी ओलांडलेल्या बियो यांचा यावर सहजी विश्वास बसला नाही. त्यांनी स्वतः तपासलेले रेसिमिक आम्ल देऊन पाश्चरकडून सगळा प्रयोग आपल्यासमोर करवून घेतला आणि मोजमाप स्वतः केले. डावीकडे फिरवणारे द्रावण त्यांनी आधी तपासले, कारण नवे होते ते तेच. त्यांची खात्री पटली.

यात पाश्चर यांचे कौशल्य आहे तितकाच नशिबाचा भागही आहे. हा क्षार सुमारे २७-२८ अंश सेल्सिअसच्या खाली स्फटिकला तरच डावे आणि उजवे स्फटिक वेगवेगळे तयार होतात. त्याहून उबदार हवेत दोन्ही रूपे एकाच स्फटिकात बसतात, आणि मग चिमटा घेऊन कितीही वेळ बसले तरी हाती काही लागत नाही. शिवाय रेसिमिक पदार्थांपैकी जेमतेम ५ ते १० टक्केच अशा रीतीने आपोआप वेगळे स्फटिकतात.

टार्टारिक आम्लाचे कोणते रूप अवकाशात खरोखर कसे दिसते, हे ठरायला मात्र १९५१ साल उजाडले. बेफूट आणि सहकाऱ्यांनी सोडियम-रुबिडियम टार्ट्रेटच्या स्फटिकावर क्ष-किरणांनी ते निश्चित केले. तोवरच्या सगळ्या आकृत्या एका अंदाजावर काढलेल्या होत्या. सुदैवाने तो अंदाज बरोबर निघाला.

रेसिमेट, रेसिमिक मिश्रण, रेसिमिक कंपाउंड, काँग्लोमरेट: हे सगळे एकच का?

एकच नाहीत. बरीच पुस्तके हे शब्द अदलून-बदलून वापरतात, त्याला इलाज नाही.

रेसिमेट हा सर्वांत व्यापक आणि सुरक्षित शब्द आहे. घन, द्रव, वायू, द्रावण काहीही असो, दोन एनान्शिओमर समप्रमाणात असले की तो रेसिमेट. बाकीचे भेद फक्त घन अवस्थेत लागू पडतात. दोन्ही रूपांचे रेणू एकाच स्फटिकजालात ठरलेल्या जागी आळीपाळीने बसले असतील तर ते रेसिमिक कंपाउंड. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. प्रत्येक स्फटिक एकाच रूपाचा असून फक्त डाव्या-उजव्या स्फटिकांची सरमिसळ झाली असेल तर ते काँग्लोमरेट. पाश्चर यांच्या हाती लागले ते हेच. तिसऱ्या, क्वचित दिसणाऱ्या प्रकारात दोन्ही रूपे जालात कुठेही बसतात, म्हणजे ते घन द्रावण असते.

वितळणबिंदूवरून अंदाज बांधता येतो. काँग्लोमरेट शुद्ध एनान्शिओमरपेक्षा कमी तापमानाला वितळते. रेसिमिक कंपाउंड कमी किंवा जास्त, कुठेही वितळू शकते. टार्टारिक आम्लाचे जास्त, हे वर आलेच.

'रेसिमिक मिश्रण' या शब्दाचा घोळ असा की काही जण तो रेसिमेट या अर्थी वापरतात आणि काही जण फक्त काँग्लोमरेटसाठी. म्हणून आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो टाळायला सांगितले आहे. बोलताना तो माझ्याही तोंडी येतो आणि वर्गात कोणी त्यावरून अडवू नये असे मला वाटते. स्फटिकांबद्दल लिहिताना मात्र तो वापरू नका.

प्रयोगशाळेत तयार केलेले पदार्थ बहुधा रेसिमिकच का निघतात?

डाव्या-उजव्यात निवड करायला तिथे कोणी नसते म्हणून. ॲसिटाल्डिहाइडवर हायड्रोजन सायनाइडची अभिक्रिया करून, मग जलापघटन करून लॅक्टिक आम्ल बनवता येते. ॲसिटाल्डिहाइडचा कार्बोनिल गट सपाट आहे. सायनाइड वरून आले तर एक एनान्शिओमर, खालून आले तर दुसरा. दोन्ही वाटांवरचा ऊर्जेचा चढ अगदी सारखा, त्यामुळे अब्जावधी रेणूंमध्ये वाटणी निम्मी-निम्मी होते. १-ब्युटीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची भर घालून मिळणारे २-ब्रोमोब्युटेन याच कारणाने रेसिमिक असते.

स्नायूंत तयार होणारे लॅक्टिक आम्ल मात्र फक्त (+) रूपातले असते. तिथे काम करणारे विकर (एन्झाइम) स्वतः कायरल असते आणि एकाच बाजूने अभिक्रिया होऊ देते. रसायनशास्त्रज्ञांनी हीच युक्ती कायरल उत्प्रेरक बनवून साधली. नोल्स, नोयोरी आणि शार्पलेस यांना २००१ चे नोबेल याच कामासाठी मिळाले. नोल्स यांच्या पद्धतीने पार्किन्सन विकारावरचे एल-डोपा कारखान्यात तयार होऊ लागले होते. धातू न वापरता लहान सेंद्रिय रेणूंकडून हे काम करून घेतल्याबद्दल २०२१ मध्ये लिस्ट आणि मॅकमिलन यांचा गौरव झाला.

रेसिमायझेशन म्हणजे काय?

शुद्ध एनान्शिओमरचे हळूहळू किंवा एकदम निम्म्या-निम्म्या नमुन्यात रूपांतर होणे. त्यासाठी असममित केंद्राची मांडणी मोडून पुन्हा जुळावी लागते. नुसते तापवून प्रत्येक वेळी ते होत नाही. कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आम्लात किंवा आम्लारीत निघून ईनॉल (दुहेरी बंधाच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल असलेले रूप) तयार होतो, ईनॉल सपाट असतो, आणि हायड्रोजन परत येताना कोणत्याही बाजूने येतो. कार्बोकॅटायन, म्हणजे धनभारित, सपाट कार्बन, मधे आले तरी असेच घडते.

आधी एक गट निघून कार्बोकॅटायन बनते आणि मग दुसरा गट जोडला जातो, ती एसएन१ अभिक्रिया. यावरूनच 'एसएन१ अभिक्रियेत पूर्ण रेसिमायझेशन होते' हे वाक्य रूढ झाले. प्रत्यक्षात बहुतेक वेळा थोडे पारडे उलट्या मांडणीकडे झुकलेले आढळते, कारण निघून जाणारा गट लगेच दूर होत नाही आणि आपली बाजू काही क्षण अडवून धरतो. 'मुख्यतः रेसिमायझेशन' असे लिहिणे जास्त खरे.

प्राण्यांच्या अवशेषांचे वय रेसिमायझेशनवरून काढतात, हे खरे आहे?

हो. सजीवांच्या प्रथिनांतली अमिनो आम्ले जवळजवळ सगळी एल-रूपात असतात (डी आणि एल ही दोन आरसा-रूपांची नावे, खुलासा शेवटी येतो). मृत्यूनंतर ती संथपणे डी-रूपाकडे वळू लागतात, म्हणून हाडे, दात, शंख-शिंपले यांतले डी आणि एल यांचे गुणोत्तर मोजून काळाचा अंदाज बांधता येतो. ॲस्पार्टिक आम्ल त्यातल्या त्यात लवकर बदलते. अडचण अशी की हा वेग तापमानावर फार अवलंबून असतो. अवशेष किती उबेत पडून होते हे माहीत नसेल तर आकडा फसवा निघतो.

रेसिमेट वेगळे कसे करतात?

याला रेझोल्यूशन म्हणतात. दोन एनान्शिओमरांचे गुणधर्म सारखे असल्यामुळे साधे ऊर्ध्वपातन किंवा साधी क्रोमॅटोग्राफी निरुपयोगी ठरते. सगळ्या पद्धतींचे तत्त्व एकच: मधे एक कायरल वस्तू आणायची.

सर्वांत रुळलेली पद्धत पाश्चर यांचीच, १८५३ ची. रेसिमिक आम्लात शुद्ध कायरल आम्लारी मिसळायची. सिंकोना वर्गातली अल्कलॉइडे यासाठी खूप वापरली गेली. त्यातून जे दोन क्षार बनतात ते एकमेकांचे डायस्टेरिओमर असतात, म्हणजे त्यांची विद्राव्यता वेगळी. एक आधी स्फटिकतो, तो गाळून घ्यायचा आणि आम्ल परत मोकळे करायचे. चिमटा आणि क्षार यांनंतरची तिसरी वाटही पाश्चर यांनीच १८५८ च्या सुमारास दाखवली: एक बुरशी रेसिमिक टार्ट्रेटच्या द्रावणात वाढवली तर ती नैसर्गिक रूप खाऊन टाकते आणि दुसरे मागे उरते. आज त्याच तत्त्वावर लायपेजसारखी विकरे वापरतात. थोडा नमुना हवा असेल तर कायरल स्तंभ सर्वांत सोयीचा.

यात हवे असलेले रूप जास्तीत जास्त ५० टक्केच मिळणार, कारण उरलेले निम्मे मुळात दुसरे रूप आहे. त्यावर तोडगा म्हणजे नको असलेल्या रूपाचे त्याच भांड्यात सतत रेसिमायझेशन करत राहायचे आणि हवे ते रूप काढून घ्यायचे. याला डायनॅमिक कायनेटिक रेझोल्यूशन म्हणतात. एरवी डोकेदुखी ठरणारे रेसिमायझेशन इथे कामाला येते, म्हणून ही पद्धत मला विशेष आवडते.

एनान्शिओमेरिक एक्सेस किंवा 'ईई' कसे काढतात?

जास्त असलेल्या रूपाच्या टक्केवारीतून कमी असलेल्याची वजा करा. ७५:२५ असेल तर ईई ५० टक्के. ९०:१० असेल तर ८०. रेसिमेटचे शून्य, शुद्ध एनान्शिओमरचे १००.

'ईई ५० टक्के' वाचून अनेकांना नमुना निम्मा-निम्मा आहे असे वाटते. अर्थ वेगळा आहे: नमुन्याचा निम्मा भाग रेसिमिक समजा आणि उरलेला निम्मा निव्वळ एका रूपाचा. घूर्णनावरूनही ईई काढता येते. टार्टारिक आम्लाच्या नमुन्याचे विशिष्ट घूर्णन त्याच परिस्थितीत +१२ ऐवजी +९ आले, तर ईई ७५ टक्के आणि प्रमाण ८७.५ : १२.५. मात्र काही द्रावणांत रेणू एकमेकांना धरून राहतात आणि घूर्णन प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे या रीतीने काढलेल्या आकड्यावर फार विसंबू नये.

रेसिमिक औषध म्हणजे निम्मे औषध वाया, असेच ना?

काही औषधांत असे आहे, सगळ्यांत नाही. दोन रूपांपैकी एक उपयोगी आणि दुसरे नुसते सोबत असे घडू शकते. दोन्ही उपयोगी असू शकतात. दुसरे त्रासदायकही असू शकते. प्रत्येक औषधाचा हिशेब वेगळा.

आयबुप्रोफेन बहुतेक ठिकाणी रेसिमिकच मिळते. वेदनाशामक काम मुख्यतः एस-रूप करते (आर आणि एस हीही दोन आरसा-रूपांचीच नावे, अर्थ पुढे येतो). पण शरीरातले विकर आर-रूपाचा बराचसा भाग एस-रूपात बदलून टाकते आणि उलट दिशेने मात्र असे होत नाही. त्यामुळे दुसरे रूप पूर्ण वाया जात नाही. सिटालोप्रामचा परिणाम प्रामुख्याने एस-रूपामुळे होतो. ते एकटे एस्सिटालोप्राम म्हणून मिळते. ब्युपिव्हकेन या भूल देण्याच्या औषधाचे एस-रूप, म्हणजे लेव्होब्युपिव्हकेन, हृदयाला तुलनेने कमी अपायकारक मानले जाते. पेनिसिलामीनचे डी-रूप औषध आहे आणि एल-रूप विषारी, म्हणून ते रेसिमिक देताच येत नाही.

ओमेप्राझोलची गोष्ट मजेदार आहे. त्यातले कायरल केंद्र कार्बनचे नसून गंधकाचे आहे. शिवाय जठराच्या आम्लात दोन्ही रूपे एकाच, कायरल नसलेल्या सक्रिय पदार्थात बदलतात, म्हणजे लक्ष्यावर पोहोचेपर्यंत डावे-उजवे उरतच नाही. मग एसोमेप्राझोलचा फायदा कुठे? यकृत दोन रूपांचा वेगवेगळ्या वेगाने निचरा करते, त्यामुळे एस-रूप रक्तात जास्त टिकते. हा फायदा किती मोठा मानायचा यावर मतभेद आहेत. जुन्या रेसिमिक औषधाचे एक रूप काढून नव्या नावाने आणण्याला 'कायरल स्विच' म्हणतात, आणि असा प्रत्येक स्विच रुग्णाच्या भल्यासाठीच झाला असे मानण्याचे कारण नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये याबाबत धोरण जाहीर केले. रेसिमिक औषधांवर त्याने बंदी आली नाही. दोन्ही रूपांचा वेगवेगळा अभ्यास करून रेसिमेट का निवडले हे सांगणे कंपन्यांना भाग पडले. चालू औषध बदलायचे की नाही, हे अर्थात डॉक्टरांनाच विचारायचे.

थॅलिडोमाइडचे एकच रूप विकले असते तर ती शोकांतिका टळली असती का?

बहुधा नाही. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आले, गरोदर स्त्रियांनाही दिले गेले आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतले गेले. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. आर-रूप शामक आणि एस-रूप घातक, म्हणून शुद्ध आर दिले असते तर काही बिघडले नसते, ही मांडणी अनेक पुस्तकांत तयार उदाहरण म्हणून छापलेली असते.

पण या रेणूच्या असममित कार्बनवरचा हायड्रोजन कार्बोनिलच्या शेजारी आहे, आणि तो सहज निघतो. शरीराच्या तापमानाला, रक्ताच्या पीएचला काही तासांतच एक रूप दुसऱ्यात बदलू लागते. शुद्ध आर-रूप गिळले तरी रक्तात एस तयार होणारच. दोन्ही रूपे वेगळी वागतात हे खरे आहे. २०१० मध्ये सापडलेल्या सेरेब्लॉन या लक्ष्य-प्रथिनाला एस-रूप अधिक घट्ट चिकटते. त्या ज्ञानाने गोळी मात्र सुरक्षित होत नाही. मल्टिपल मायलोमा आणि कुष्ठरोगातल्या एका गुंतागुंतीवर हे औषध आजही वापरतात, तेही रेसिमिकच, आणि गर्भधारणा टाळण्याच्या कडक अटींसह.

(+), डी, आर यांचा अर्थ एकच ना? लेव्हो म्हणजे एस?

या तीन स्वतंत्र पद्धती आहेत. (+) आणि (−), म्हणजेच डेक्स्ट्रो आणि लेव्हो, हे प्रयोगात मोजलेले घूर्णन सांगतात. आर आणि एस हे कान-इंगोल्ड-प्रेलॉग नियमांनी, म्हणजे गटांचा अग्रक्रम लावून, कागदावर ठरवायचे. मोठ्या लिपीतले डी आणि एल हे ग्लिसराल्डिहाइडशी तुलना करून ठरतात. शर्करा आणि अमिनो आम्लांत अजून तेच चालतात. नैसर्गिक टार्टारिक आम्ल एल आहे आणि (+) सुद्धा. लेव्होसेटिरिझिन नावाप्रमाणे (−) आहे, पण त्याची रचना आर आहे; लेव्होब्युपिव्हकेनची एस. एकावरून दुसरे ठरवायचा प्रयत्न करू नका.

प्रयोगवहीत किंवा उत्तरपत्रिकेत रेसिमेट कसे लिहावे?

नावाआधी (±) किंवा 'रॅक' हे उपपद लावा, उदाहरणार्थ (±)-२-ब्रोमोब्युटेन. जुन्या पुस्तकांत लहान लिपीतले 'डीएल' दिसते. ते वाचता यावे, नव्याने वापरू नये. एका असममित केंद्राच्या रेसिमेटसाठी 'आरएस' असेही लिहितात.

आकृती काढायची असेल तर दोन्ही एनान्शिओमर काढून मधे 'आणि' किंवा अधिक चिन्ह लिहा व बाजूला १:१ नोंदवा. एकच रूप पाचरीच्या बंधांनी काढून शेजारी 'रेसिमिक' लिहिणे ही सवय शोधनिबंधांतही दिसते, पण परीक्षकाला त्यातून एकच रूप वाचायला मिळते आणि गुण जातात. नागमोडी बंधाचा अर्थ बहुतेक वेळा 'रचना ठाऊक नाही' असा घेतला जातो, म्हणून तो काढलात तर शेजारी (±) नक्की लिहा. आणि घूर्णन शून्य आले एवढीच नोंद असेल, तर वहीत 'घूर्णन शून्य' एवढेच लिहा. 'रेसिमिक' हा शब्द कायरल स्तंभाचा आलेख हाती आल्यावर.